कोवळ्या पेशींचा टक्का

९ जुलै

ती. वन्संना नमस्कार.

इकडे ठीक. स्वयंपाकघरातला गळका नळ बदलून घेतला. गुडघा जुनाच आहे.

तुमच्या रक्ताच्या रिपोर्टची झेरॉक्स मिळाली. चिठ्ठीत लिहिलंत, "आमच्या डॉक्टरीणबाई ठीक म्हणाल्या, तर मी काही डॉक्टरकडे खेटे घालत नाही." मी हसले आणि कागद पालथा घालून ठेवला. दोन दिवस तसाच होता.

शब्द मला येतात, हे खरं. यांच्या आजारपणात वाचनालयातून पुस्तकं आणून वही भरली. एरिथ्रो म्हणजे तांबडं. रेटिक्युलोसाइट म्हणजे हाडांतल्या मज्जेतून नुकतीच रक्तात आलेली कोवळी तांबडी पेशी. एक-दोन दिवसांत ती पक्की होते. रिपोर्ट आला की हे विचारायचे, "काय गं, आज किती पोरं कामावर आली?"

शेवटच्या महिन्यात तो आकडा अर्ध्या टक्क्यावरून एकावर गेला. डॉक्टरांना विचारायला मी थांबले नाही. तुम्हाला फोन केला, "दुप्पट झाल्यात, मज्जा कामाला लागली. आता धावपळ कशाला, पुढच्या महिन्यात निवांत या." तुम्ही तिकीट रद्द केलंत. नवव्या दिवशी हे गेले.

टक्का कशाचा, ते मी पाहिलंच नव्हतं. कोवळ्या पेशी होत्या तेवढ्याच होत्या, पक्क्या निम्म्यावर आल्या होत्या. खोलीतली मोठी माणसं उठून गेली की मुलं जास्त वाटतात, तसं. डॉक्टरांनी मला हे नंतर दोन वाक्यांत समजावलं.

तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात, "त्यानेच हिला तसा फोन करायला लावलं असेल, पहिल्यापासून मानी." मी ऐकून घेतलं. चार वर्षं. वन्सं, ते मानी नव्हते. रोज विचारत होते, "ताई निघाली का?"

तुमच्या कागदावरही तो आकडा आहे. आज पाहिला. मला काय वाटलं, ते लिहिणार नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. दोघी डॉक्टरांकडे जाऊ. ते सांगतील ते ऐकू, कळलं नाही तर पुन्हा विचारू. मला दारात उभं करायचं नसेल, तर तसं कळवा. पण डॉक्टरांकडे जा. याच आठवड्यात.

तुम्हाला भावापर्यंत पोचू न देणारी,
तुमची भावजय