माझ्या अंत्यविधीला जमलेली गर्दी

ती. ओडेसामावशीला थॅडियसचा नमस्कार.

तुझे गुडघे आता कसे आहेत? मेम्फिसच्या उकाड्यात जपून राहा. इकडे डेट्रॉइटला सगळे खुशाल आहेत, मीसुद्धा. (हे मुद्दाम लिहावं लागतंय.) मी जिवंत असल्याचं आईनं फोनवर कळवलंच असेल, पण पुढचं गाळलं असेल, म्हणून अकरा वर्षांचा अबोला मोडून हे पत्र.

चार वर्षं मी दर महिन्याला वस्तीच्या सभागृहात फिल्म दाखवतो, आपल्या काळ्या लोकांतल्या माझ्यासारख्या समलिंगी माणसांवरच्या. नंतर चर्चा. प्रेक्षक अकरा, त्यांत मी आणि कॉर्नेल धरून. (कॉर्नेल म्हणजे ज्याला पाहून तू जेवणावरून उठली होतीस तो.) आई एकदाही फिरकली नव्हती. या वेळी फिल्म माझीच होती, आम्हा दोघांवरची. एवढ्या वेळी तरी ये म्हणून विनवलं, तर म्हणाली, चर्चमध्ये गाण्याची तालीम आहे.

फिल्मची निमंत्रणपत्रिका छापायला दिली मिस अर्नेस्टीनकडे. ती चाळीस वर्षं अख्ख्या वस्तीच्या अंत्यविधीच्या पत्रिका छापते, हाताला दुसरं वळणच नाही. लंबगोलात माझा फोटो, मागे ढग, दोन कबुतरं, खाली जन्मतारीख. गुरुवारी ती पत्रिका केशकर्तनालयाच्या आरशावर लागली आणि शनिवारी दुपारी सत्तर माणसं काळ्या कपड्यांत हजर, हातात हॅम, मॅकरोनी-चीज आणि रताळ्याची गोड पाय-पेस्ट्री. दारात तिघींनी मला पोटाशी धरून माझ्याच जाण्याबद्दल सांत्वन केलं. त्यांना वाटलं मी मयताचा भाऊ. (मला भाऊ नाही.)

मग आई धापा टाकत आली, कारण तिची सगळी गाणारी मंडळी तालीम सोडून माझ्यासाठी गायला निघून आली होती. तिनं पुढे उभं राहून सांगितलं की कोणी मेलेलं नाही. लोकांचा जरा हिरमोडच झाला. मागून कोणीतरी विचारलं, मग आम्हाला बोलावलं कशाला? आई आता काय सांगणार ते मला खरंच ठाऊक नव्हतं.

तिनं हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले. "माझ्या पोरानं फिल्म केलीय. त्याची आणि आमच्या जावयाची. जेवण आणलंयत ना? मग बसा आता, नि तोंडं मिटून बघा."

बसले सगळे! तोंडं अर्थातच मिटली नाहीत. पडद्यावरच्या मला सल्ले देत होते, कॉर्नेल भाजी जाड चिरतो म्हणून कुरकुरत होते. चर्चेत चर्चचे ऐंशी वर्षांचे डीकन व्हर्जिल उठले आणि चाळीस वर्षं ज्याला जीव लावला त्या माणसाचं नाव त्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. गाणारी मंडळी तयारीनिशी आलीच होती. त्या दोघांसाठी गायली. मावशी, मी लहान पोरासारखा रडलो, आणि जिंकलो.

तुझा,
थॅडियस

ता. क. – माझ्या मरणाची बातमी मेम्फिसपर्यंत गेली म्हणायची, तुझं पुष्पचक्र पोचलं. उचलायला दोघं लागले. त्यावरचं "माझ्या लाडक्या थॅडला" मी चारदा वाचलं.

ता. क. दुसरा – जूनच्या दुसऱ्या शनिवारी आमचं लग्न आहे. मी मेलो समजून तू एवढं केलंस. आता जिवंत आहे, तर ये.