रंग न लावलेला चेहरा

बाबा, आज दुपारी आपल्याकडे कोण आलं होतं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली बसून घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येईल, पण वाचा. तुमच्या साहेबांची बायको आली होती. होय, त्याच! मनवेलपाड्यात आपली चाळ पाडून आता सात मजली इमारत झाली आहे, तरी त्यांनी शोधून काढलं. नाक्यावर रिक्षातून उतरल्या आणि इस्त्रीवाल्याला विचारलं, "इथे एक मेकअपवाले राहायचे ना?" त्याच्या लग्नात त्याच्या बायकोला तुम्हीच सजवलं होतं. तो इस्त्री बंद करून थेट आपल्या दारापर्यंत त्यांना सोडायला आला.

साहेब गेले, बाबा. महिना झाला. टीव्हीवर चार दिवस दुसरं काही नव्हतं. पांढरे कपडे घातलेली मोठमोठी माणसं सांगत होती, असा नट होणे नाही, असा घरच्यांवर जीव टाकणारा माणूस होणे नाही. मी रडले. शेजारणींना अभिमानाने सांगितलं की या चेहऱ्याला अकरा वर्षं माझ्या बाबांनी रंग लावला. आई मात्र उठून स्वयंपाकघरात गेली आणि मुगाची उसळ ढवळत बसली. मला वाटलं, तिला तुमची आठवण आली असेल.

तर आज दार उघडलं. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या एक बाई. मी ओळखलं नाही. त्या काही बोलायच्या आत खाटेवरून आईने मान वर केली. तिला आता धड दिसत नाही, ऐकूही कमी येतं, पण क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "ये बाय, बस. पानी घे आदी. डोला बरा हाय ना तुजा?" आणि त्या बाई आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी.

तेव्हा मला आठवलं. मी नऊ वर्षांची आहे. चाळीतल्या खोलीत एक मावशी चार दिवस राहायला आली आहे. गावाकडची आहे, डोळे आलेत, असं तुम्ही सांगितलं आहे. ती भिंतीकडे तोंड करून झोपते, भाताबरोबर आईने केलेलं बोंबलाचं कालवण खाते आणि "किती दिवसांनी पोटभर जेवले" म्हणते. एकदा पदर सरकतो. गाल जांभळा, एक डोळा बंद. मी वाकून बघते आणि विचारते, "मावशी, पडलात का?" तुम्ही माझा दंड धरून बाहेर नेलंत. आवाज कधी न चढवणारे तुम्ही, दातओठ खाऊन म्हणालात, "कुणाच्या चेहऱ्याकडे असं बघायचं नसतं!" मला फार लागलं होतं ते. दिवसभर लोकांचे चेहरे बघणं हाच ज्याचा धंदा, त्याने मला असं का म्हणावं?

मासिकातल्या फोटोत साहेबांच्या शेजारी हसणाऱ्या बाई मी पाहिल्या होत्या. पण तो चेहरा तुम्ही रंगवलेला असायचा. आपल्याकडे आला तो तसाच, उघडा. कशी ओळखणार?

आज चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांना मोठा पुरस्कार मिळणार होता, त्या संध्याकाळी तुम्हाला बंगल्यावर बोलावलं होतं. त्या आरशासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आज जरा जाड लावा." तुम्ही पेटी उघडली, स्पंज ओला केला, गालापर्यंत नेला आणि खाली ठेवला. म्हणालात, "बाईसाहेब, चार वेळा मी हे झाकलं. आता पाचव्यांदा झाकलं तर मारण्यात माझाही हात असेल." त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे तुमची नोकरी जाईल." तुम्ही पेटी बंद केलीत. "जाऊ दे. घरी माझी बायको आहे, जेवण तयार असेल. चला." स्वयंपाकघराच्या दाराने तुम्ही त्यांना बाहेर काढलंत. साहेब एकटेच पुरस्कार घ्यायला गेले आणि माईकवर म्हणाले, माझी पत्नी आजारी आहे, हा पुरस्कार तिचा.

बाबा! तो कार्यक्रम आपण चाळीत सगळ्यांनी मिळून टीव्हीवर पाहिला होता. मी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि त्या आत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

पुढचं आईने सांगितलं. तिसऱ्या दिवशी साहेबांची दोन माणसं आली, तेव्हा तुम्ही उंबऱ्यात पाय पसरून सुकट निवडत बसलात. "पाहुणी? कुठली पाहुणी?" एवढंच बोललात आणि वासाने ते नाक धरून परत गेले. हे सांगताना आई हसली, त्या हसल्या, आणि मीही हसता हसता रडले. चौथ्या दिवशी त्यांचा भाऊ येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेला. तिथे बी.एड. करून त्यांनी शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका झाल्या. साहेब असेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं साहेबांनी त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं.

साहेबांनी मात्र सगळीकडे पसरवलं की तुम्ही दारू पिता, हात कापतात. एकाही स्टुडिओने तुम्हाला उभं केलं नाही. तुम्ही नवऱ्या मुली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातले शिवाजी रंगवत राहिलात. आणि मी सोळा वर्षांची, जेवताना तुम्हाला म्हणाले होते, "एवढ्या मोठ्या माणसाशी तुम्हाला जमवून घेता आलं नाही? तुम्हालाच माज असणार." तुम्ही म्हणालात, "जेव. भात गार होतोय." बस्स. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं की! मी आज आईवर ओरडलेही, "तू तरी सांगायचंस!" ती म्हणाली, "त्यांनी शपथ घातलेली. पोर शाळेत बोलंल, म्हनाले."

मला राग यायला हवा, पण बाबा, मला नाचावंसं वाटतंय. संध्याकाळपासून मी गॅलरीत येरझाऱ्या घालतेय. खाली जाऊन इस्त्रीवाल्याला सांगून आले, वरच्या मजल्यावर सांगून आले. टीव्हीवरच्या लोकांना जे म्हणायचं ते म्हणू देत. नट साहेब होते, आणि त्या दिवशी स्पंज खाली ठेवणारे तुम्ही होतात. माझे बाबा!

आईला हे वाचून दाखवणार होते, पण आता नाही दाखवणार, कारण एक गोष्ट राहिली आहे. निघताना त्यांनी चपला घालता घालता विचारलं, "माझी आठवण काढायचे का गं ते कधी?" आईला ऐकू गेलं नाही, ती नुसती माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हटलं, "हो, नेहमी. आम्हाला सगळं सांगितलं होतं त्यांनी."