लाभ, दोन, तीन

आई, तुझी मोटार अजून फिरते. एकदम फिरत नाही, बोटानं जरा ढकलावी लागते, मग खोकत खोकत उठते आणि एकदा उठली की थांबायचं नाव घेत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. तुझ्या साड्या वाटून टाकल्या, भांडी सुनेच्या हाताखाली गेली, पण बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा मी कुणाला हात लावू दिला नाही. त्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे. माझ्या क्रेनची मोटार, तुझ्या दोन पितळी वाट्या, तो काळा मीटर आणि मूठभर चिंचोके. त्या चिंचोक्यांचंच तुला सांगायचं राहून गेलंय. राहून गेलंय असं म्हणायचं आपलं. सांगायची छाती झाली नाही, हे खरं.

डबा काढायचं कारण नात. तू ज्याला मांडीवर घेऊन भात भरवायचीस त्या माझ्या लेकाची पोरगी, तिसरीत आहे. तिच्या वाढदिवसाला त्यानं बांधकामाचा खेळ आणला. आमच्या वेळच्या लोखंडी पट्ट्या आणि नट-बोल्ट नव्हेत, सगळे रंगीत प्लॅस्टिकचे तुकडे, दातेरी चाकं, आणि मधोमध एक पांढरी डबी. सगळी अक्कल त्या डबीत. ती फोनवरच्या ॲपशी बोलते आणि मगच मोटार हलते. पोरीनं दोन दिवस खपून क्रेन उभी केली, अगदी माझ्यासारखीच. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ही क्रेनसमोर गालाला हात लावून बसलेली. का गं, तर म्हणे पप्पा कागलला कंपनीत गेले, फोन त्यांच्याबरोबर गेला. मी म्हटलं माझा फोन घे. माझ्या फोननं सांगितलं की हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही. असा राग आला मला! गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो तसं हे, खेळणं मंगळवार पेठेत आणि त्याचा जीव बापाच्या खिशात. पोरगी संध्याकाळपर्यंत थांबली बिचारी. पण खोटं कशाला बोलू, संध्याकाळी तो आला आणि तिनं फोनवर बोट फिरवून मोटारीला सांगितलं, सात फेरे. मोटार बरोबर सात फेरे फिरली आणि थांबली. पडद्यावर आकडा आला, सात. मी बघतच राहिले. तिथं मोजायला माणूसच लागत नाही. आणि मला एकदम तुझा आवाज आठवला.

स्वयंपाकघरात खिडकीखाली पाट टाकून तू बसलेली आहेस. पाटाला हातमशीन आवळलेलं, त्यावर लाकडी फर्मा, शेजारी तांब्याच्या तारेचं रीळ. उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्या काकांकडून जळक्या पंख्यांचं काम यायचं, तू कॉइली गुंडाळून द्यायचीस. दादा, माझे वडील, गगनबावड्याला नोकरीला, शनिवारी यायचे, बाकी घरात आपण दोघी. डाव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधून त्यातून तार सोडायची, उजव्या हातानं दांडा फिरवायचा आणि मोठ्यानं मोजायचं. लाभ, दोन, तीन, चार. एक कधी म्हटलं नाहीस. तुझे वडील बाजारात धान्य मापायचे, पहिलं माप म्हणजे लाभ, ते तू माहेराहून आणलंस आणि तारेलाही लावलंस. पन्नास झाले की मशीन थांबवून डाव्या वाटीतला एक चिंचोका उजव्या वाटीत. टेबलफॅनच्या एका कॉइलीला बारा चिंचोके, आणि अशा चार कॉइली. मधे कुणी बोललं आणि आकडा निसटला तर अख्खी कॉइल उकलून परत लाभपासून. अंदाजानं पुढं जाणं तुला माहीतच नव्हतं. मी शाळेतून आले की दारातूनच कानोसा घ्यायची, आतून आकडे येत असले की चप्पल हातात घेऊन मांजरासारखी आत. मला वाटतं मी अंकगणित शाळेत शिकलेच नाही, तुझ्या पाठीमागं बसून शिकले. काका म्हणायचे, "वहिनींच्या हातातच मीटर हाय." तू वर बघायची नाहीस, पण पुढचे दहा-वीस आकडे जरा ठसक्यात यायचे.

एका दिवाळीत तू महाद्वार रोडवरून मला तो खेळ आणलास. हिरव्या-लाल पट्ट्या, भोकं भोकं पाडलेल्या, स्क्रू, पान्हा, चार चाकं. मी क्रेन बांधली, हातानं दोरा गुंडाळून ओझं वर घ्यायची. चार दिवसांत त्याचा कंटाळा आला, मोटार पाहिजे म्हणून तुझ्यामागं टुमणं लावलं. तू काकांकडून मोडक्या टेपरेकॉर्डरची जळकी मोटार मागून आणलीस, शेंगदाण्याच्या लाडवाएवढी. आत तीन चिमुकल्या कॉइली, तार केसासारखी. म्हणालीस, या पंख्याच्या चार झाल्या की तुझ्या तीन करते. मी समोर बसून राहिले. पहिली झाली, दुसरी झाली. दुपार सरत चालली, तिसरी झाली. चौथीचे सहा चिंचोके झाले आणि स्टोवरचं दूध वर आलं. तू सातवा नुकताच सुरू करणार होतीस, म्हणून आकडा निसटायची भीती नव्हती. तू उठलीस, पाठ वळवून पातेलं उतरवलंस, साय निघते का बघितलंस, झाकण शोधलंस. आणि मी डाव्या वाटीतले दोन चिंचोके उचलून उजव्या वाटीत ठेवले.

बस्स, एवढंच. मला काही वाईट करायचं नव्हतं गं. शंभर फेरे कमी झाले तर पंख्याचं काय होतं हे मला कळत नव्हतं, माझा नंबर लवकर लागणार एवढंच कळत होतं. तू परत बसलीस, लाभ म्हणालीस. डावी वाटी रिकामी झाली तेव्हा कॉइल फर्म्यावरून उतरवून तू नेहमीसारखी दोन बोटांत दाबलीस आणि थांबलीस. "हलकी लागतीया की गं," म्हणालीस. परत दाबलीस. मग उजव्या वाटीतले चिंचोके मोजलेस, बारा. हात तुला खरं सांगत होता आणि वाटी खोटं बोलत होती, तू वाटीवर विश्वास ठेवलास. मग तू माझी मोटार घेतलीस. एकेका कॉइलीला दीडशे फेरे, हातानंच, डोळ्याजवळ धरून. दिवेलागणीच्या आधी दोन सेल लावले आणि ती भिरभिरली. क्रेननं तुझं दोऱ्याचं रीळ उचललं. उलटं खाली कसं आणायचं म्हणून मी विचारलं, तर तू काही न सांगता दोन्ही वायरी माझ्या हातात दिल्यास. मी इकडची तिकडं लावली आणि रीळ खाली आलं. मी नाचले, आई. तूही हसलीस. त्या वेळी मला चिंचोक्यांची आठवणसुद्धा नव्हती.

पंधरा दिवसांनी काका आले. पंखा परत जळाला होता. त्यांनी एकेक कॉइल उकलून फेरे मोजून बघितले होते. ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. "वहिनी, शंभर कमी पडल्यात चौथीत," एवढंच म्हणाले. तू म्हणालीस, असं व्हायचं नाही, मी चिंचोके दोनदा मोजलेत. काका म्हणाले, होतंय, एवढं काय त्यात. मी दाराआड उभी. तेव्हा एक पाऊल पुढं टाकायचं होतं फक्त. टाकलं नाही. मार बसेल म्हणून नव्हे, तू कधी मारलंच नाहीस. मोटार काढून घेशील म्हणून.

पुढच्या खेपेला काकांनी तारेबरोबर तो काळा मीटर आणला. चार आकड्यांचा, दांडा फिरला की टिक्‌ करून एक पुढं. स्वतःच्या हातानं तुझ्या मशीनला बसवून दिला, तुमचा त्रास वाचंल म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तू बरं म्हणालीस, चहा केलास. पण त्या दिवसापासून तू मोजायची बंद झालीस. चिंचोक्यांची वाटी फडताळात गेली. शाळेतून यावं तर आतून नुसतं टिक्‌ टिक्‌, चपला हातात घ्यायची गरजच नाही. आता खुशाल बोल, काही बिघडत नाही, असं तू म्हणायचीस आणि मला बोलायला काही सुचायचं नाही. पुढं पंचवीस वर्षं तू कॉइली केल्यास, एकही परत आली नाही, पण लाभ, दोन, तीन मला पुन्हा ऐकायला मिळालं नाही. घरातला तो आवाज मी बंद केला. तुझ्या आवाजाची आठवण आली की आजही मला तू हाक मारल्याचं आठवत नाही, आकडेच आठवतात. एवढ्यासाठी जीव तुटतो माझा.

आणि शेवटी शेवटी, अंथरुणाला खिळली होतीस तेव्हा, एका दुपारी मी तुला पेज भरवत होते. तू मधेच चमचा बाजूला सारलास. "त्या पंख्याचं काय झालं असंल गं? मी तर नीट मोजल्यालं." एवढ्या वर्षांनी! किती काय काय सोसलंस तू, आणि मनात राहिला होता तो पंखा. तेव्हा तरी सांगायचं होतं की नाही? मी तुझं तोंड पुसलं आणि म्हटलं, "होतंय आई. माणूस हाय, चुकतंय एखाद्या वेळी." तू छताकडं बघितलंस आणि म्हणालीस, "व्हय. चुकलं असंल." मग तू उरलेली पेज खाल्लीस.

तर परवा, बाप पुन्हा फोन घेऊन गेल्यावर, मी नातीला तुझी मोटार दाखवली. तिला आधी काही कौतुक वाटलं नाही. हिला कसं सांगायचं कुठं फिर ते, असं तिनं विचारलं. मी दोन्ही वायरी तिच्या हातात दिल्या. उलट-सुलट करून बघितल्यावर मात्र गडी खूश. पण बोटानं ढकलावी का लागते, हे काही तिला पटेना. तीनपैकी एक कॉइल तुटलीय, मी म्हटलं. मग करूया की, म्हणाली. तिच्या ॲपमधे असं काही करता येत नाही, तिथं चूक झाली की लाल अक्षरं येतात आणि बापाची वाट बघायची. उद्यमनगरातून बारीक तार आणली, चष्मा लावला, खिडकीखाली बसलो दोघी. वाट्या मांडल्या. दीडशे फेरे म्हणजे तीन चिंचोक्यांचं काम. मी पहिला फेरा घातला आणि तोंडातून आपोआप आलं, लाभ.

"एक कुठं गेला?" पोरगी म्हणाली. सांगितलं तुझ्या वडिलांच्या मापाचं. तिला ते पटलं असावं, कारण पुढचे आकडे तीच माझ्याबरोबर म्हणायला लागली. सदतीसला मी थबकले. आवाज माझा नव्हताच गं, तुझा होता, तसाच, दर दहाला जरा वर चढणारा. आकडा निसटला. पोरगी म्हणाली सदतीस, सदतीस होतं, मी सांगतो की! मी सगळी तार सोडली आणि परत लाभपासून सुरू केलं. ती वैतागली, पण चिंचोक्याला तिनं हात लावला नाही, पन्नास पुरे होईपर्यंत नुसती टक लावून बसली.

मोटार झाली. आता ढकलावी लागत नाही, आई. वर पहिल्या ओळीत लिहिलं ते परवापर्यंतचं. तिनं डबा आवरताना मीटर उचलला, हे काय विचारलं. मोजायचं यंत्र, म्हटलं. तर लगेच, तुझी आई तोंडानं मोजायची ना, मग हे कशाला? तुझ्या आईचं चुकायचं का? मी म्हटलं, न्हाय, कधीच न्हाय. आणि मग चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही ते त्या आठ वर्षांच्या पोरीला सांगून टाकलं, दूध, पातेलं, दोन चिंचोके, सगळं.

"मग तू आईला सांगितलंस?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "सांगितलं की."

"मग?"

"मग काय, ती परत मोजायला लागली."

पोरीचं समाधान झालं, ती क्रेनकडं वळली. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, घडी करून डब्यात ठेवते, मीटरखाली. तुझं मोजणं बरोबर होतं, चिंचोके मी सरकवले. नातीशी मी खोटं बोलले, त्यातलं निम्मं तरी खरं व्हावं म्हणून हे लिहिलं.