पायच्या पाच ताटल्या

३ मार्च
उद्या ही घरी येणार! महिनाभर दवाखान्यात होती. सकाळपासून ओटा, ओव्हन, कपाट—सगळं पुसलं. पारीत सफरचंद भरून ही जो विलायती ‘पाय’ भाजते, त्या पायच्या ताटल्याही काढल्या. पाच. जुन्या पत्र्याच्या, हिला हिच्या आईने दिलेल्या, वापरून वापरून काळ्याकुट्ट झालेल्या. तारेची घासणी घेऊन बसलो. बोटं सोलवटली, पण आरशासारख्या लख्ख केल्या. ओट्यावर मांडून ठेवल्या.

४ मार्च
लेकीने चाकाच्या खुर्चीतून हिला आत आणलं. हिची नजर ओट्यावर गेली आणि ही रडायलाच लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. काहीतरी बोलायला गेली, शब्द अडला.
लेकीने मला बाजूला घेतलं. "बाबा, काय केलंत हे! तो मळ नव्हता. त्या काळ्या रंगानेच पारी खालून खरपूस व्हायची. चाळीस वर्षं लागली तो चढायला."
मला काय माहीत! मी जन्मभर नुसता खात आलो.

६ मार्च
ठरवलं—भाजून भाजून पुन्हा काळ्या करायच्या. लेकीकडून कृती लिहून घेतली. मैदा, गार लोणी, सफरचंदं. पीठ कोपरापर्यंत चिकटलं. पाय वरून सोनेरी, खाली कच्चा गोळा. शेजारचा शिंपी घास घोळवत म्हणाला, "पाय छान झालाय हो, जरा लंगडतोय इतकंच." मग त्याचं लक्ष हिच्या खुर्चीकडे गेलं आणि त्याने जीभ चावली.

९ मार्च
पुन्हा कच्चा.

१४ मार्च
आज हिने डाव्या हाताने ओव्हनकडे बोट दाखवलं. "खा...ली." ताटली खालच्या खणात सरकवली. तळ जमला! बराचसा. पत्र्यावर फिकट तपकिरी डागही उमटला. हिला घास भरवला. गिळला, आणि मान फिरवली. जीव तीळ तीळ तुटतो माझा.

१९ मार्च
दुपारी ही बोलली. थांबत थांबत, पण पुरतं वाक्य.
"कुणाला... द्यायला... घासल्यात?"
म्हणजे रंगासाठी रडलीच नव्हती ती!
"कुणाला नाही गं," म्हणालो. "तुझ्यासाठीच."


२० मार्च
या वहीतही खरं लिहिलं नव्हतं. हिचा उजवा हात पुन्हा चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी मी भाचीला फोन केला होता—ये, ताटल्या घेऊन जा, आता इथे कोण करणार? तिच्यासाठीच घासल्या होत्या.