वहिनीची जागा

१३ नोव्हेंबर १९८३, रविवार
वाशीला पोचले. लांज्याहून रात्रभर एस.टी., अंग आंबून गेलं होतं. पण घर बघितलं आणि सगळं विसरले. तिसरा मजला, दोन्ही बाजूंनी उजेड, मोझॅकची फरशी, गॅलरीतून थेट खाडी. समोरचे प्लॉट अजून मोकळेच आहेत. वारा पावणे गावाकडून फिरला की कारखान्यांचा उग्र वास येतो. दादा तिथेच केमिस्ट, त्याला तो वास आता जाणवतही नाही. नंदिनी दारातच 'आत्या' म्हणून कमरेला बिलगली. सहा वर्षांची झाली, पुढचे दोन दात पडलेत, हसली की भलतीच गोड दिसते.

मीनावहिनी सप्टेंबरात नायजेरियाला गेली, इंग्रजी शिकवायला, दोन वर्षांच्या करारावर. तिच्यामागे घर मी बघायचं आणि इथल्या शाळेत तिच्याच जागी शिकवायचं, असं ठरलंय. लांज्यात 'हिचं लग्न कधी' ऐकत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. संध्याकाळी तिघं खाडीपर्यंत चालत गेलो, भेळ खाल्ली. मी खूश आहे. खरंच आहे.

१७ नोव्हेंबर
आज कपाट लावलं. वहिनीच्या साड्यांना अजून तिच्या पावडरचा वास आहे. त्या खालच्या कप्प्यात ढकलल्या, वर माझ्या ठेवल्या.

नायजेरियाच्या नोकरीच्या मुलाखतीला आम्ही दोघी एकाच दिवशी गेलो होतो, दादरला, एजंट नंदकिशोरच्या ऑफिसात. मी इंग्रजी घेऊन एम.ए.; वहिनीला 'व्हेजिटेबल' हा शब्द धड म्हणता येत नाही. मी विचारलं, राहायची सोय कुठे, वर्गात मुलं किती, आजारी पडलं तर बघणार कोण? नंदकिशोरचा चेहरा आंबट झाला. वहिनी नुसती गोड हसून बसली होती. तिला घेतलं. विमानतळावर सगळ्यांनी तिला हार घातले, मी फोटो काढला. फोटोत ती किती सुंदर दिसते! तो आता टीव्हीवर उभा आहे. जाता-येता दिसतो.

२५ नोव्हेंबर
दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली. मुलं म्हणतात, मीना मॅडम असं नाही शिकवायच्या. मुख्याध्यापिका म्हणतात, मीनाची सर कुणाला येणार? कोळंबी घेऊन दारावर येणारी बायजाबाईसुद्धा म्हणाली, वयनी लय मायालू हाय गो तुमची. नंदिनी रोज एखादं विमान बघून हात हलवते. मी तिला सांगितलं, आई त्यात नाहीये. ती रडली. मग मलाच वाईट वाटलं, पण फार नाही.

४ डिसेंबर, रविवार
दादा ड्यूटीवर होता. एक गृहस्थ आले, श्यामसुंदर सर. वहिनी ज्या शाळेत गेली तिथेच ते दोन वर्षं होते, गेल्या महिन्यात परत आले. गालफडं बसलेली.

त्यांनी सांगितलं ते जमेल तसं लिहिते. शाळेचा मालक आपल्याकडचाच, मुंबईचा. उतरल्या दिवशीच तो पासपोर्ट काढून घेतो, हरवू नये म्हणून. राहायला शाळेमागे पत्र्याची खोली. फाटकाला बाहेरून कुलूप. तीन वर्ग एकत्र करून एकटीने शिकवायचे, मग मालकाच्या मुलांच्या शिकवण्या, मग त्याच्या घरची भांडीही. बोलून बोलून गळा बसला तरी सुटी नाही. जागा रिकामी ठेवत नाही तो माणूस. दुसरा आणल्याशिवाय पहिल्याला सोडत नाही. आसपासची माणसं भली, त्यांनीच सरांना तापात पाणी पाजलं, पण कुलपापुढे त्यांचंही चालत नाही. सर सुटले ते वहिनी आली म्हणून.

निघताना हात जोडून म्हणाले, "बाई, तुमच्या भावाला, अरविंदरावांना, आजच सांगा. वकिलातीत अर्ज करू द्या. त्या फार खंगल्यात हो."

मी म्हटलं, "सांगते."

५ डिसेंबर
सांगितलं नाही. दादा दमून आला होता.

८ डिसेंबर
नाही सांगितलं. या सरांचं खरं कशावरून? वर्गात मुलं जास्त असतात, ती काय इथे नसतात? तिलाच हवं होतं ना परदेश? आणि ती परत आली तर मी कुठे जायचं? काल शाळेत एक मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्ही आता छान शिकवता. नंदिनी माझ्याजवळ झोपते. दादाला माझी आमटी आवडते. हे सगळं मी तिच्या हातात परत द्यायचं? हारसुद्धा तिला, आणि दयाही तिलाच?

१४ डिसेंबर
दुपारी शाळेतून आले तर फरशीवर लाल धूळ. झाडली. आमच्या लांज्याकडची माती ओळखते मी, ही तशी नव्हती. पिठासारखी बारीक, कोरडी. इथे लाल माती कुठून येणार? दादा म्हणाला, बांधकामाची असेल, विटांची.

१७ डिसेंबर
पुन्हा धूळ. या वेळी पावलं. अनवाणी, बायकी, दारापासून कपाटापर्यंत. दाराला तर मी कुलूप लावून गेले होते.

कपाटात तिच्या साड्या वरच्या कप्प्यात होत्या.

२० डिसेंबर
बायजाबाई जिन्यात भेटली. म्हणाली, "वयनी कवा आली गो? गॅलरीन उबी हाय. लय सुकली."

मी धावत वर गेले. कुणी नव्हतं. गॅलरीचा कठडा हाताला तापलेला लागला — डिसेंबरात.

नंदिनीची वेणी घातलेली होती. मी घातली नव्हती. विचारलं तर म्हणाली, आईने. म्हणाली, आई म्हणते आत्याला सांगू नको, ती रागावते.

आज सांगायला हवं होतं दादाला. सांगायला गेलेसुद्धा. तो टीव्हीवरचा फोटो पुसत होता, किती हळुवार पुसत होता. मी परत स्वयंपाकघरात गेले.

२८ डिसेंबर
नाताळच्या सुटीत घसा बसलाय. कुणाशी बोललेदेखील नाही, तरी दिवसभर ओरडल्यासारखा दुखतो. केस विंचरले तर कंगव्यात लाल धूळ. माझ्या केसांतून.

३ जानेवारी १९८४
वर्गात फळ्याकडून वळले आणि बाकं मागे मागे जात राहिली. भिंतच नव्हती. शंभर, दीडशे मुलं, सगळी उभी. "गुड मॉर्निंग, मॅडम!" एका सुरात. पुन्हा बघितलं तर आमचाच वर्ग, आमचीच मुलं. ती घाबरून माझ्याकडे बघत होती. मी कितीतरी वेळ ओरडत होते म्हणे.

मुख्याध्यापिकांनी घरी पाठवलं. घरी — ती होती.

स्वयंपाकघरात. पाठमोरी. ओट्यावर आमटी उकळत होती. हाडांचा सापळा, मानेवर घामोळं. वळली. रागावलेली नव्हती, हेच भयंकर. मऊ आवाजात म्हणाली, "वन्सं, तुम्हालाच जायचं होतं ना?"

मी काय बोलले आठवत नाही. 'हो' म्हटलं असेन. आतून हो आलं होतं, ते तिने ऐकलं.

४ जानेवारी
दादाला सगळं सांगितलं. श्यामसुंदर सर, पासपोर्ट, कुलूप, सगळं. रडत, पाय धरत. त्याने मान वर केली नाही. पेपर वाचत राहिला. मी त्याचा खांदा हलवला — त्याने माशी हाकलावी तसा हात झटकला आणि आत हाक मारली, "मीना, चहा होतोय का?"

आतून उत्तर आलं, "आणते हो."

६ जानेवारी
तीन ताटं. मला नाही. नंदिनी माझ्यातून आरपार बघते. ओरडते मी, घसा — आवाज नाही.

टीव्हीवरच्या फोटोत हार घातलेली मी आहे.

तिची गालफडं भरलीत. हसते. नंदिनी तिच्या मांडीवर. कसलं सुख आहे तिच्या तोंडावर! अजूनही मला त्याचाच राग — मरणाच्या दारातसुद्धा हाच —

बहुतेक ७
पत्रा. डोक्यावर पत्रा तापलाय. खिडकीला गज, बाहेर लाल अंगण, लाल झाडं, धूळ. खाडी नाही. दादा नाही. दाराला कडी बाहेरून.

गजांतून एका म्हातारीने पाणी दिलं. तिला समजावलं — मी ती नव्हे, ती तिकडे माझ्या — तिला भाषा कळेना. हात दाबला माझा. रडली.

तारीख नाही
मालक आला होता. मराठीत बोलला, आपल्या मराठीत. म्हणाला, तब्येत सुधारली वाटतं, मीनाबाई. मी म्हटलं, मी मीना नाही. तो हसला. म्हणाला, पासपोर्टावर तेच नाव आहे. म्हटलं, दाखवा. म्हणाला, दोन वर्षांनी.

कुणी तरी येईल ना माझ्या जागी? कुणाला तरी माझा हेवा वाटत असेल —

—
मुलं जमलीत. घंटा. कुलूप काढतायत. माझं नाव लिहून ठेवते आधी, विसरायच्या आत. माझं नाव मी —