अंडं बाटलीत गेलं त्याची हकिकत

तीर्थरूप मावशीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? काकांचं घोरणं वाढलंय की तुझीच झोप कमी झालीय, हे एकदा शांतपणे तपासून बघ. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला मध्येच थांबवून माझ्या चुका काढतेस, जशी काही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत होतीस. (होतीस, मान्य आहे.) कागद निदान माझं शेवटपर्यंत ऐकून घेतो.

तर विषय माझ्या नववीच्या वर्गाचा. मी विज्ञान उत्तम शिकवतो, हे तुला ठाऊक आहेच. अडचण एवढीच होती की ते मुलांना ठाऊक नव्हतं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तर तोंड असं उघडायची की पचनसंस्था शिकवताना मला तक्त्याची गरज पडली नाही. (शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव 'जांभई' पडलं. ते मी ठेवलं नाही, फक्त पसरवलं.) मी काय काय नाही केलं? आम्लांवर गाणं रचून चालीत म्हटलं. ऑक्सिजनच्या रेणूला दोन अणू लागतात, म्हणून गणिताच्या सरांना गळ घातली आणि त्यांचा हात धरून वर्गात शिरलो. मुलं खूप हसली, पण ऑक्सिजनमुळे नव्हे. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सुनावलं, "सर, मुलांना झोपायचंच असेल तर ती वर्गातही झोपतील. त्यासाठी प्रयोगशाळा कशाला अडवायची? खेळाच्या सामानाला जागा नाहीये. मी एक दिवस तासाला येऊन बसते, मग ठरवू." ते डाग पडलेलं टेबल, तो गळका नळ, माझा जीव आहे गं त्या खोलीत.

आणि त्याच आठवड्यात नशीब उघडलं. तुझा आवडता प्रयोग केला. काचेच्या बाटलीत पेटता कागद टाकायचा, तोंडावर सोललेलं उकडलेलं अंडं ठेवायचं, आतली हवा थंड झाली की बाहेरची हवा अंड्याला आत ढकलते. (अंड्याला तेल लाव, असं तू नेहमी बजावायचीस. असले नखरे मी करत नाही.) घाईघाईत मी तोंडाला बारीक चीर गेलेली बाटली उचलली. चिरेतून हवा आत शिरत राहिली, अंडं ढिम्म हललं नाही, आणि अख्खा वर्ग खडबडून जागा झाला! कुणी म्हणे अंडं मोठं आहे, कुणी म्हणे कागद दमट आहे. जांभईने बाटली उजेडात धरून चीर शोधली आणि तिचं तोंड वर्षात पहिल्यांदा बोलण्यासाठी उघडलं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी बरोबर असतो तेव्हा मुलं झोपतात, चुकतो तेव्हा जागी होतात. मग काय, रोज एक चूक ठरवून करायची, त्यांनी ती पकडायची. मुलं घंटेच्या आधी येऊन बसू लागली. (काही चुका ठरवलेल्या नव्हत्या, पण त्यांचंही श्रेय मीच घेतलं.)

बाई तासाला आल्या त्या दिवशी मी मुद्दाम तीच चिरेची बाटली काढली. पाहुण्या येणार म्हणून सगळं लखलखीत केलं होतं, अंडंही चमकावं म्हणून त्याला तेल चोपडलं होतं. कागद पेटवला, अंडं ठेवलं, आणि प्रयोग फसण्याची निश्चिंतपणे वाट बघत उभा राहिलो. अंडं गपकन आत गेलं. मुलांचे चेहरे उतरले. बाईंनी पेन उघडलं. मला समोर खेळाचं सामान दिसू लागलं. तेवढ्यात जांभई उठली. "सर, हे जायला नको होतं! बाटली तीच आहे, चीरही आहे!" मग जो गलका उठला, विचारू नकोस. सगळा वर्ग टेबलाभोवती, घंटा झाली तरी कुणी जागचं हलेना. बाईसुद्धा पुढे आल्या. अंडं बाहेर काढून पुन्हा करू, असं ठरलं. बाटली उलटी धरून मी जोरात फुंकलं, तोंड बाजूला केलं आणि अंडं सुटलं ते थेट बाईंच्या चष्म्यावर. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "खेळाचं सामान जिन्याखाली ठेवू. पण सर, अंडं आत का गेलं?" मी शांतपणे म्हणालो, "मला माहीत आहे, पण सांगणार नाही. सोमवारपर्यंत सगळ्यांनी शोधून आणा." सगळ्यांच्या डोळ्यांत आदर होता, मावशी. तू तिथे असायला हवी होतीस.

काकांना नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझा यशस्वी भाचा

ता. क. मावशी, अंडं आत का गेलं?

ता. क. दुसरा : हे पत्र आमच्या शाळेच्या शिपायाबरोबर पाठवतोय. त्याला चहा दे, गप्पांत गुंतव, पण उत्तर हातात दिल्याशिवाय सोडू नकोस. बाई मला एकट्याला गाठून विचारतायत.

ता. क. तिसरा : पाकीट बंद करता करता जांभई भेटली. तिला उत्तर सापडलंय. मी सहज म्हटलं, "सांग बघू." तर म्हणते, "सांगणार नाही, सर. सोमवारपर्यंत शोधून आणा. हवं तर तेलापासून सुरुवात करा."

मावशी, तेलाचा इथे काय संबंध?