पहिली ओंजळ

२४ नोव्हें.
कापसातली सरकी काढायच्या जिनिंगचा मुहूर्त दसऱ्याला होतो. यंदा अजून नाही. परदेशी कापसावरचं आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ. सूतगिरण्या बाहेरच्या गाठी घेतात. अकोटात आमच्या जिनचा पट्टा बंद.
नवा कामगार कायदा. प्रत्येक मजुराला नियुक्तीपत्र. शेठ म्हणाले, "मास्तर, भाषा तुमची. लिवा." एम.ए.चा हा उपयोग. शिकवलं कधीच नाही, तरी मास्तर.

२६ नोव्हें.
सतरा पत्रं. नाव, काम, रुजू दिनांक. देवकाबाई: पट्ट्यावर कापसातली कवडी म्हणजे किडकी बोंडं, कचरा वेचणे. केव्हापासून?
"सरकीचं गोदाम जयलं ना, त्या सालचा दसरा."
"साल कोणतं?"
"म्या आग पायली. साल नाई पायलं."

२७ नोव्हें.
शेठ: "सगळ्यायची एकच तारीख टाका. एक डिसेंबर, औंदाची."
"देवकाबाईची पण?"
"तिची बी. बाहेरची गाठ अशीच येत रायली तं जिन इकावं लागन. मंग एवढ्या सालायची ग्रॅच्युइटी कोण भरन?"
लहानपणी शेठ तिच्याच डब्यातलं खायचे.
टाकली तारीख.

३० नोव्हें.
अकोल्याला सुती शर्ट घेतला. भाव चढाच. स्वस्त गाठी जातात कुठे?
परतीत ताईकडे उतरलो. माजघरात आढ्यापर्यंत कापूस, भाव वाढायची वाट पाहत पडलेला. ताई म्हणाली, "पोट्टे खाजवून खाजवून लाल झाले. तुहे दाजी म्हंते, थांब."

३ डिसें.
पत्रं वाचून दाखवली, शेठच्या सह्या व्हायच्या आहेत. देवकाबाईला अक्षर येत नाही. आकडे येतात, वजनकाट्याजवळ उभी राहून शिकली. सालावर बोट ठेवलं.
"हे तं औंदाचं."
"हो."
"म्हंजे मी परवा आली?"
बाया हसल्या. "नवी नवरी हाय माय, ओटी भरा तिची!" तीही हसली. कागद घेतला नाही.

४ डिसें.
मुहूर्ताची वही माझ्याच खणात असते. दर दसऱ्याची एक ओळ: तारीख, कापूस किती, यंत्रात पहिली ओंजळ कोणाची. आधी थोरल्या शेठचं, म्हणजे शेठच्या वडिलांचं अक्षर, मग माझं. आगीचं साल सापडलं. 'नवी बाई देवका. ओंजळ तिच्याकडून.' पुढच्या साली: 'हात लाभला. तिच्याकडूनच.' मग पानामागून पान तेच नाव. गेली नऊ वर्षं मीच लिहितोय. २७ तारखेला आठवलं नाही? आठवलं होतं.

६ डिसें.
तिचं पत्र पुन्हा केलं. खरी तारीख. गठ्ठ्यात मधोमध ठेवलं. वर ठेवायला हवं होतं.

१५ डिसें.
गठ्ठा तसाच. शेठ म्हणतात, शुल्क परत बसतं का पाहू, मग सह्या.

३१ डिसें.
शुल्क उद्यापासून परत, म्हणतात. कुणी म्हणतं, मुदत वाढेल.
दुपारी देवकाबाई आली. पदरात कोणाच्या तरी वावरातला कापूस. बंद पट्ट्यावर ओंजळ ठेवली, हात जोडले.
"लिवा, मास्तर."
"मुहूर्त झाला नाही, बाई."
"माहा झाला."
थोरल्या शेठच्या शाईपेनानं लिहिलं. आजची तारीख. पहिली ओंजळ: देवकाबाई. कापसाचा रकाना कोरा. मान वर केली तर दारात शेठ. केव्हापासून उभे होते, कळलं नाही. सरळ गठ्ठ्याकडे गेले. मधलं पत्र काढलं, उभ्यानंच वाचलं.
"ते वही इकडं द्या."
देवकाबाई माझ्याकडे पाहत होती.
वहीवर हात ठेवून म्हणालो, शाई ओली आहे.